१२ मीटर पलीकडचा पडदा

ध्वनिमुद्रित पुस्तकांचे संपादन हे माझे रोजचे काम आहे. वाचणाऱ्याने श्वास कुठे घेतला, पान उलटल्याचा आवाज कुठे राहून गेला, कोणता शब्द मूळ संहितेपेक्षा वेगळा वाचला गेला, हे सारे हेडफोन लावून ऐकायचे आणि समोरच्या पडद्यावर ध्वनीचा आलेख व संहिता शेजारी शेजारी ठेवून दुरुस्त करायचे. अधूनमधून एखादे वाक्य पुन्हा मुद्रित करावे लागते, आणि तेव्हा टेबलाखालच्या संगणकाच्या पंख्याची घरघर मायक्रोफोनमध्ये न चुकता उतरते. पंखे बदलून पाहिले, संगणकाभोवती फोमची पेटी करून पाहिली. पेटीत संगणक तापला आणि पंखे आणखी जोरात फिरू लागले. शेवटी संगणकच मधली खोली ओलांडून पलीकडच्या कोठीच्या खोलीत न्यायचा आणि पडदा, कीबोर्ड व माऊस तेवढे टेबलावर ठेवायचे, असे ठरवले. लांब केबल टाकली की काम झाले, अशी माझी समजूत होती. त्या एका केबलने पुढचे दीड-दोन महिने माझे डोके खाल्ले.

पडदा ४३ इंची आणि ४के दर्जाचा आहे, म्हणजे त्यावर ३८४० आडवे आणि २१६० उभे बिंदू आहेत. डावीकडे संहितेची दोन पाने आणि उजवीकडे आलेख एकाच वेळी दिसावा, एवढ्यासाठीच तो घेतला होता. त्याला एचडीएमआय या चित्र-आवाजाच्या जोडणीखेरीज दुसरे तोंड नाही, त्यामुळे डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या जोडणीचा विचार सुरुवातीलाच बाद झाला. तसेही डिस्प्लेपोर्टची साधी तांब्याची केबल या दर्जाला दोन-तीन मीटरपलीकडे भरवशाची राहत नाही.

पहिले काम अंतर मोजण्याचे होते. कोठी आणि टेबल यांच्यात सरळ रेषेत जेमतेम साडेचार मीटर अंतर आहे, आणि त्या आकड्यावर विसंबून मी पाच मीटरची केबल मागवणारच होते. तेवढ्यात सुतळीचा गुंडा हाती लागला, म्हणून केबल जिथून जाणार तिथून सुतळीच धरून पाहिली: संगणकाच्या पाठीमागून भिंतीवर वर, छताजवळच्या रिकाम्या कंड्युट पाइपमधून मधल्या खोलीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून वळसा घेऊन पुन्हा खाली टेबलापर्यंत. ती सुतळी जमिनीवर सरळ करून मोजली तेव्हा १० मीटर ४० सेंटिमीटर भरली. शिवाय सफाईसाठी संगणक पुढे ओढता यावा आणि पडदा थोडा वळवता यावा म्हणून दोन्ही टोकांना पाऊण-पाऊण मीटर सैल ठेवणे भाग होते. साडेचार मीटरचे असे १२ मीटर झाले. एचडीएमआयच्या बाबतीत या दोन आकड्यांमध्ये केबलची जातच बदलते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मी १२ मीटरची तांब्याची केबल आणली. वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘४के’ असे छापलेले होते, टोकांना सोन्याचा मुलामा होता, वर विणलेले आवरण होते आणि कोपऱ्यात ‘२.०’ असा आकडाही होता. आज तेच वेष्टन हातात घेतले तर त्यावर काय नाही, ते आधी दिसते. केबलला आवृत्ती नसते, २.० किंवा २.१ हे आकडे जोडणीच्या मानकाचे आहेत, आणि त्यांपैकी पहिले २०१३ साली व दुसरे २०१७ साली जाहीर झाले. केबलची चाचणी वेगावर होते आणि वर्गवारी नावाने होते. ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट, अर्थात १८ अब्ज बिटांपर्यंत तपासलेली आणि ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८ गिगाबिटपर्यंत तपासलेली. अशा प्रमाणित केबलच्या वेष्टनावर मोबाइलने स्कॅन करून पडताळता येणारी चिठ्ठी असते; माझ्या वेष्टनावर तसे काही नव्हते. सोन्याचा मुलामा टोकांवर गंज चढू देत नाही, एवढाच त्याचा उपयोग. चित्रात त्याने तसूभरही फरक पडत नाही. मानकात कमाल लांबी मात्र कुठेच सांगितलेली नाही. संकेत, म्हणजे सिग्नल, ठरावीक गुणवत्तेने पलीकडे पोचला पाहिजे, एवढीच अट आहे. त्यामुळे १२ मीटरची केबल ‘४के’ म्हणून विकणाऱ्याला निव्वळ खोटारडाही म्हणता येत नाही. ४के चित्र सेकंदाला ३० वेळा की ६० वेळा, आणि रंग पुरते की निम्मे, हे त्याने लिहिलेले नसते आणि आपण विचारलेले नसते.

केबल पाइपात घालण्यापूर्वी जमिनीवरूनच टाकून जोडली, आणि चित्र आले. मी समाधानाने संहिता उघडली, तर गडद राखाडी पार्श्वभूमीवर एक पांढरा ठिपका चमकून गेला. डोळ्यांचा भास असेल असे वाटले. मग दुसरा चमकला, मग एका आडव्या ओळीत तीन-चार चमकले. प्रत्येक ठिपका पडद्याच्या एकाच बिंदूएवढा आणि निमिषमात्र टिकणारा असल्याने बोट दाखवेपर्यंत तो नाहीसा झालेला असे. दहा-बारा मिनिटांनी पडदा पूर्ण काळा झाला आणि दोन सेकंदांनी काहीच न घडल्यासारखा परत आला. त्या संध्याकाळी खोलीतल्या दिव्याचे बटण दाबले की पडदा हटकून डोळा मिटतो, हेही ध्यानात आले.

जुन्या व्हीजीए जोडणीची मला सवय होती. १९८७ सालची ती पद्धत अॅनालॉग असल्याने केबल लांबली की अक्षरांच्या उजवीकडे फिकट सावली पडे, कडा मऊ होत, आणि आणखी लांबली की चित्र आणखी धूसर होई. बिघाड कितपत आहे ते नुसते पाहून कळे. एचडीएमआयचे तसे नाही. शून्य आणि एक यांतला भेद पलीकडच्या टोकाला जोवर ओळखू येतो तोवर चित्र अगदी निर्दोष दिसते, आणि ओळखण्यात चुका होऊ लागल्या की ती पांढरी ठिणगी उमटते. मानकाच्या २.० आवृत्तीपर्यंत चित्राच्या माहितीला चूक दुरुस्त करण्याची सोयच नाही. चुकलेला बिंदू चुकलेलाच दाखवला जातो. चुका आणखी वाढल्या की पडद्याची संकेताशी असलेली लय तुटते आणि तो काळा होतो. निर्दोष चित्र आणि काळा पडदा यांच्यामध्ये ठिणग्यांची ती एवढीच अरुंद पट्टी असते, आणि माझी केबल नेमकी तिच्यावर उभी होती.

एका रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि केबलकडून आपण नक्की काय मागत आहोत याचा हिशेब मांडला. पडद्यावर ८२ लाख ९४ हजार ४०० बिंदू आहेत, पण प्रत्येक चौकटीबरोबर, म्हणजे एकेका पूर्ण चित्राबरोबर, कडेचे न दिसणारे बिंदूही पाठवले जातात; ते धरले तर चौकट ४४०० गुणिले २२५०, म्हणजे ९९ लाख बिंदूंची होते. सेकंदाला ६० चौकटी म्हणजे ५९ कोटी ४० लाख बिंदू. प्रत्येक बिंदूला तीन रंगांचे आठ-आठ बिट, आणि तारेवरून पाठवताना प्रत्येक आठाचे दहा केले जातात, म्हणून बिंदूमागे ३० बिट. गुणाकार केला की सेकंदाला १७.८२ गिगाबिट होतात. ते तारांच्या तीन जोड्यांवर वाटले जातात, म्हणजे एकेका जोडीवर ५.९४ गिगाबिट. हेच गणित १०८०पी, म्हणजे १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या दर्जासाठी केले तर एका जोडीवर अवघे १.४८५ गिगाबिट येतात, बरोबर एक चतुर्थांश. दहा-पंधरा मीटरच्या केबलवर सगळे कसे सुरळीत चालते असे सांगणारे माझे परिचित १०८०पी वापरत होते. त्यांचे सांगणे खरे होते; ते माझ्या कामाचे तेवढे नव्हते.

वेग वाढला की तांबे का थकते, हेही तेव्हाच नीट वाचून काढले. वारंवारता वाढत जाते तसतसा प्रवाह तारेच्या पोटातून न वाहता केवळ पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून वाहू लागतो, त्यामुळे रोध वाढतो. शिवाय तारेभोवतीचे प्लास्टिकही थोडी ऊर्जा गिळते. ही दोन्ही नुकसाने लांबीबरोबर साचत जातात. जाड तार घेतली तर रोध कमी होतो. एडब्ल्यूजी या मापात आकडा जितका लहान तितकी तार जाड: २८ क्रमांकाच्या तारेचा व्यास ०.३२ मिलिमीटर असतो, तर २४ क्रमांकाच्या तारेचा ०.५१. माझी केबल २४ क्रमांकाची होती, म्हणजे तांब्यात कंजुषी झालेली नव्हती. पण एवढ्या तांब्याची केबल बागेतल्या पाण्याच्या नळीसारखी ताठ होते. ती ग्राफिक्स कार्डातून बाहेर पडून आपल्याच वजनाने लोंबू लागली तेव्हा प्लग सॉकेटमध्ये तिरका झालेला मला स्पष्ट दिसत होता. शेवटी तिला आधार म्हणून संगणकाच्या मागे पुस्तकांची चळत रचली.

वेग कमी करून पाहणे स्वाभाविक होते. सेकंदाला ६० ऐवजी ३० चौकटी केल्या आणि ठिणग्या थांबल्या, पडदा काळा होणेही थांबले. पण माऊसचा बाण चिखलातून चालल्यासारखा चालू लागला. आलेखात श्वासाची जागा पकडताना बाण हाताच्या मागे राहतो आणि आपण दर वेळी पुढे जाऊन मागे येतो. चित्रपट पाहणाऱ्याला ३० पुरतील. दिवसभर बाण आणि कर्सर चालवणाऱ्याला ते पुरत नाहीत, हे मी अर्ध्या दिवसात ठरवले.

त्यानंतर जे केले ते सांगताना आजही थोडी लाज वाटते. पडद्याच्या मेनूत हिंडताना एचडीएमआयच्या तोंडासाठी दोन पर्याय दिसले, एक २.० चा आणि एक १.४ चा. सहज म्हणून १.४ निवडला. पडदा एकदा काळा होऊन परत आला, आणि पाहते तर ६० चौकटी कायम, ठिणग्या नाहीत, दिव्याचे बटण दाबले तरी काही नाही. केबलला उगाच दोष दिला, पडद्याचीच रचना चुकली होती, असे म्हणून मी ती जोडणी तशीच ठेवली आणि तीन आठवडे तिच्यावर काम केले.

संहितेत शंकास्पद शब्द मी तांबड्या अक्षरांत खूण करून ठेवते, आणि रात्रीच्या कामासाठी पार्श्वभूमी गडद असते. एका पुस्तकात वाचणाऱ्याने ‘त्याचा’ म्हटले होते, संहितेतही मला ‘त्याचा’ दिसले, म्हणून खूण काढून मी पुढे गेले. संहितेत होते ‘त्यांचा’. चूक पुढच्या टप्प्यावर सापडली आणि माझ्याकडे परत आली. मी तो शब्द पुन्हा पडद्यावर काढला, डोळे पडद्यापासून वीतभर अंतरावर नेले, आणि मग दिसले: तांबड्या शिरोरेषेवरचा अनुस्वार पार्श्वभूमीत विरघळून गेला होता. अक्षरांची कडा दोन्ही बाजूंना ओघळल्यासारखी दिसत होती आणि काना दोन छटांचा झाला होता. शेजारचाच शब्द पांढऱ्या अक्षरांत होता आणि त्याचा अनुस्वार मात्र टाचणीच्या टोकासारखा स्वच्छ उमटला होता.

ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये रंगाची पद्धत पाहिली तर तिथे ४:२:० असे लिहिलेले होते. या पद्धतीत प्रत्येक बिंदूचा उजेड-अंधार स्वतंत्र पाठवला जातो, पण रंग मात्र दोन गुणिले दोन अशा चार बिंदूंच्या चौकोनाला मिळून एकच. त्यामुळे माहिती निम्मी होते: १७.८२ गिगाबिटचे ८.९१. हा भार १.४ च्या मर्यादेत बसतो आणि माझ्या १२ मीटरच्या तांब्यालाही पेलतो, म्हणून पडद्याने संगणकाला तेवढीच क्षमता कळवली आणि संगणकाने निमूटपणे तेवढेच पाठवले. केबल जोडली की पडदा आपली ओळख आणि आपल्याला काय काय दाखवता येते याची यादी, म्हणजे ईडीआयडी, संगणकाकडे पाठवतो. मेनूतल्या त्या एका पर्यायाने ती यादीच बदलली होती. कुठेही इशारा आला नाही. पांढऱ्या कागदावर काळी अक्षरे असतात तिथे हा काटछाटीचा प्रकार लक्षातही येत नाही, कारण तिथला सगळा भेद उजेडाचा असतो. गडद भूमीवर तांबडे अक्षर काढले की भेद मुख्यतः रंगाचा उरतो, आणि दोन बिंदूंच्या अनुस्वाराला चार बिंदूंतला वाटा कसा पुरणार? निळ्यावर तांबडे, तांबड्यावर जांभळे अशा बारीक अक्षरांचे एक पान मी त्याच दिवशी तयार करून ठेवले. केबल कोणतीही असो, आधी ते पान उघडायचे.

आता पर्यायांकडे नव्याने पाहणे आले. बिनतारी साधने चित्र दाबून म्हणजे संक्षेप करून पाठवतात आणि वर विलंब लावतात, म्हणून ती लगेच सोडली. नेटवर्कवरून दुसऱ्या छोट्या संगणकावर चित्र आणण्याची पद्धतही त्याच कारणासाठी नको वाटली. वाटेत मध्येच संकेत पुन्हा उभारी देऊन पाठवणारी डबी बसवता येते, पण तिला तिथेच वीज हवी आणि जोड पाइपात राहणार. जोड पाइपात गाडायचा नाही, हे वायरमन मंडळींचे तत्त्व मला पूर्ण पटते. प्रसारणाच्या क्षेत्रात ७५ ओहमच्या कोअॅक्सिअल केबलवरून एसडीआय ही चित्र नेण्याची पद्धत चालते आणि ती लांबवर उत्तम जाते, परंतु तिथेही सामान्यतः ४:२:२, म्हणजे रंगात काटछाट असते, आणि दोन्ही टोकांना रूपांतरक लागतात. काटछाटीला मी आधीच विटलेली होते.

एचडीबेसटी या पद्धतीचा मात्र बराच विचार केला. २०१० साली सॅमसंग, एलजी, सोनी पिक्चर्स आणि व्हॅलेन्स यांनी मिळून ती पुढे आणली. नेटवर्कची असते तशीच चार जोड्यांची केबल, दोन्ही टोकांना एकेक पेटी, आणि अंतर १०० मीटरपर्यंत. केबल पाइपातून ओढल्यावर टोके बसवता येतात, हा तिचा मोठा गुण. प्लग वळणात अडकण्याचा प्रश्नच राहत नाही. केबल नेटवर्कसारखी दिसते म्हणून मधे नेटवर्कचा स्विच घातलेला मात्र चालत नाही. तो संकेत नेटवर्कच्या इथरनेट पद्धतीचा नसतो, एका पेटीपासून दुसऱ्या पेटीपर्यंत अखंड तारच लागते. तार घन तांब्याची हवी, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली नको. माझी अडचण वेगळीच होती. या पद्धतीच्या सुरुवातीच्या पिढीची क्षमता १०.२ गिगाबिटची आहे, म्हणजे त्या पेट्यांवर ६० चौकटी हव्या असतील तर पुन्हा तेच ४:२:० किंवा संक्षेप. पुरते १८ गिगाबिट तिसऱ्या पिढीत मिळतात. वेष्टनावर तिथेही नुसते ‘४के’ लिहिलेले असते, आणि एव्हाना त्या अक्षरावरचा माझा विश्वास उडालेला होता. अंतर ३०-४० मीटर असते तर मी तिसऱ्या पिढीच्या पेट्याच घेतल्या असत्या. १२ मीटरसाठी दोन पेट्या, त्यांचे दोन अडॅप्टर आणि त्यांची उष्णता हा पसारा जास्त वाटला.

उरली प्रकाशीय एचडीएमआय केबल. दिसायला ती नेहमीच्याच केबलसारखी, फक्त बारीक आणि हलकी. संगणकाकडच्या प्लगमध्ये सूक्ष्म लेझर असतात, ते विजेच्या संकेताचा प्रकाश करतात. काचेच्या चार तंतूंमधून तो पलीकडे जातो आणि पडद्याकडच्या प्लगमध्ये त्याची पुन्हा वीज होते. ईडीआयडीसारखा संथ संवाद आणि पाच व्होल्टचा पुरवठा यांच्यासाठी बारीक तांब्याच्या तारा बरोबरीने असतातच. १२ मीटर म्हणजे तंतूच्या दृष्टीने काहीच नव्हे. या रूपांतराने चित्र उशिरा येईल का, असे मला एकदोघांनी विचारले. तंतूतून प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे २० सेंटिमीटर जातो, म्हणजे १२ मीटरला ६० नॅनोसेकंद. एका चौकटीचा काळ त्यापुढे १६.७ मिलिसेकंदांचा आहे. विलंब झालाच तर तो पडद्याच्या आतल्या प्रक्रियेत होतो, वाटेत नाही.

निवडताना तीन गोष्टी पाहिल्या: वेष्टनावर १८ गिगाबिट आणि ४:४:४ (म्हणजे प्रत्येक बिंदूला स्वतःचा रंग) हे दोन्ही आकडे स्पष्ट लिहिलेले असावेत, एका टोकाचा मोठा प्लग काढता येऊन आतले बारीक टोक पाइपातून जाऊ शकावे, आणि जादा वीजपुरवठ्यासाठी यूएसबीची शेपटी असावी. तिसरी गोष्ट मी केवळ सावधगिरी म्हणून धरली होती आणि नंतर तिनेच वाचवले. दुसऱ्या मुद्द्याचे कारण पाइपात होते. पाइप २५ मिलिमीटरचा होता, त्याच्या आतली जागा त्याहून कमी, आणि नेहमीच्या एचडीएमआय प्लगची रुंदी कॅलिपरने मोजली तर २१ मिलिमीटर भरली. सरळ पाइपात तो कसाबसा सरकतो; बेंडमध्ये लांबोडका ताठ प्लग वळूच शकत नाही.

या वेळी केबल आधी जमिनीवर पसरली, दोन दारांतून तिला मोठी वळणे देत, कोणी पाय देऊ नये म्हणून वर पायपुसणी घालून. पडद्याचा पर्याय पुन्हा २.० वर नेला, रंगपद्धत ४:४:४ असल्याची खात्री केली, तांबड्या-निळ्या अक्षरांचे पान उघडले आणि ते दिवसभर, रात्रभर तसेच ठेवले. ठिणगी दिसायची तर गडद राखाडी पार्श्वभूमीवर दिसते, म्हणून अर्धा पडदा तसाच रिकामा ठेवला होता. दिव्याचे बटण वीस वेळा दाबून पाहिले. सगळे अनुस्वार जागेवर होते.

ओढण्याच्या दिवशी वायरमन आला. टेबलाच्या बाजूला उभे राहायला जागा जास्त, म्हणून त्याने तिकडूनच स्टीलची पट्टी पाइपात घातली आणि ती कोठीत बाहेर आली. केबलचे बारीक टोक पट्टीला बांधले, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि कोठीतून टेबलाकडे ओढायला सुरुवात केली. दोन बेंड पार झाले तेव्हा माझी नजर हातातल्या उरलेल्या टोकावर गेली. त्यावर ‘डिस्प्ले’ असे कोरलेले होते. म्हणजे पडद्याचे टोक कोठीत राहणार आणि संगणकाचे टोक पडद्याकडे निघाले होते. मी थांबायला सांगितले.

“ताई, वायरीला कधी तोंड-शेपूट असतं का? कुठूनही लावा,” तो म्हणाला.

“हिला असतं,” मी म्हटले आणि हातातले टोक त्याच्या हातात दिले. लेझर एकाच टोकाला आहेत, उलटी लावली तर चित्र अजिबात येणार नाही, हे ऐकल्यावर त्याने ते टोक डोळ्यांजवळ नेऊन नीट वाचले, आणि कुरकुर न करता सगळी केबल परत काढली. पाइपातून जाणारे बारीक टोक संगणकाच्या बाजूचे होते, तेव्हा आता पट्टी उलट बाजूने घालणे आले. मग टेबलाकडून कोठीकडे ओढली. ओढताना हिसका द्यायचा नाही, ताण प्लगवर न येता केबलच्या अंगावर यावा म्हणून पट्टी प्लगच्या मागे वीतभर अंतरावर बांधायची, आणि वळणाच्या जागी एकाने केबल हाताने सरकवत राहायचे, असे ठरवून घेतले. तांबे वाकून सरळ होते. काचेचा तंतू ठरावीक मर्यादेपेक्षा तीक्ष्ण वळला की प्रकाश गळतो किंवा तंतूच मोडतो, आणि पाइपातला मोडलेला तंतू जोडत बसणे आपल्या हातचे नाही. टोकांना उरलेली केबलही मी घट्ट गुंडाळली नाही. ताटाएवढी सैल वेटोळी करून भिंतीला अडकवली.

चित्र आले, आणि या वेळी खरेच आले. पण चौथ्या दिवशी नवेच दुखणे सुरू झाले. पडदा झोपी जाऊन उठला की कधी चित्र येई, कधी ‘संकेत नाही’ असे दिसे, आणि केबल काढून लावल्याशिवाय काही हलत नसे. प्लगमधल्या इलेक्ट्रॉनिक्सला लागणारी वीज संगणकाच्या एचडीएमआय तोंडातल्या पाच व्होल्टच्या तारेतून येते, आणि मानकाप्रमाणे तिथून निदान ५५ मिलिअॅम्पिअर मिळावेत एवढेच बंधन आहे. प्रकाशीय केबलची भूक कधी कधी त्याहून जास्त असते. मी यूएसबीची शेपटी पडद्याच्याच यूएसबी तोंडात खोचली, आणि तरीही फरक पडेना. दोन दिवसांनी उलगडा झाला: पडदा झोपला की तो आपल्या यूएसबी तोंडाची वीजही बंद करतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच शेपटी कोरडी. ती मोबाइलच्या एका जुन्या चार्जरमध्ये लावली, आणि त्या दिवसापासून पडदा उठायला चुकलेला नाही.

कीबोर्ड आणि माऊससाठी त्याच पाइपातून यूएसबी नेले. यूएसबी २.० च्या एका केबलची मर्यादा पाच मीटर आहे, कारण उत्तर ठरावीक वेळेत परत आलेच पाहिजे असा नियम आहे. त्यामुळे इथे तार कितीही जाड घेतली तरी उपयोग होत नाही. मध्ये मध्ये हबची, म्हणजे संकेत नव्याने पुढे पाठवणारी, चिप असलेली १२ मीटरची वाढीव केबल घेतली आणि तो भाग एका दुपारी संपला.

पहिली तांब्याची केबल मी टाकून दिली नाही. एका परिचितांच्या वाचनगटात ती १०८०पी दर्जाच्या प्रोजेक्टरला लावली आहे, आणि तिथे एका जोडीवर दीड गिगाबिटसुद्धा नसल्याने आजवर एकही ठिणगी उमटलेली नाही. माझ्या पाइपात प्रकाशीय केबल आणि यूएसबी यांच्या जोडीला नायलॉनची एक मोकळी दोरी ओवून ठेवली आहे. ती सुचवली वायरमननेच. पुढची केबल ओढताना पट्टी पुन्हा घालावी लागू नये म्हणून. कोठीकडच्या टोकाला त्याने स्वतःच्या हाताने चिकटपट्टीवर लिहिले आहे, ‘तोंड’, आणि टेबलाकडच्या टोकाला, ‘शेपूट’.